दोघांनीच माल्टा : शुक्रवार संध्याकाळ ते रविवार रात्र

नोव्हेंबर. फ्रँकफर्टला नऊ दिवस सूर्य दिसला नव्हता. सासूबाई पुण्याहून आल्या होत्या, त्यांनीच सुचवलं, "जाऊन या दोघं कुठंतरी. पोरगी राहील माझ्याजवळ." शुक्रवारी संध्याकाळी विमानात बसलो, अडीच तासांत माल्टा. बाहेर आल्यावर स्वेटर काढून कमरेला बांधला, तिथेच निम्मे पैसे वसूल.

नवऱ्याने एक्सेल शीट केली होती. शनिवारी राजधानी व्हॅलेटा, बंदरापलीकडची तीन जुनी शहरं आणि म्दिना हे तटबंदीचं जुनं गाव. रविवारी गोझो आणि कोमिनो ही शेजारची बेटं. अख्खा देश ३१६ चौरस किलोमीटरचा, बृहन्मुंबईच्या जेमतेम निम्मा, म्हणजे "सगळं आरामात होतंय." निम्म्या मुंबईत मुंबईइतकंच ट्रॅफिक असू शकतं, हे शीटमध्ये नव्हतं. म्दिनाला जायच्या थांब्यावर दोन बस गच्च भरून न थांबताच गेल्या आणि आमचं कडाक्याचं भांडण झालं. मराठीत, त्यामुळे अगदी मोकळेपणाने. भांडून भूक लागली. समोरच्या टपरीवजा दुकानात पास्तित्सी मिळत होती. खारीसारखे पापुद्रे, आत वाटाण्याचं सारण, किंमत चिल्लरमध्ये. पहिला घास घेतला आणि दोघं एकदमच म्हणालो, "मटार करंजी!" शीट त्या तेलकट कागदात गुंडाळून टाकली. रविवारी फक्त अप्पर बराक्का बागेत बसलो. खाली ग्रँड हार्बर, बाराला तोफ उडते. तेवढंच.

तुमचं काय झालं? दोघंच गेला असाल तर लिहा. स्थळांची यादी नको, ती कुठेही मिळते.

लंडनहून

आमची पहिली वारी विमानतळाच्या काउंटरवरच संपली. नवऱ्याचा पासपोर्ट ब्रिटिश, माझा भारतीय. माल्टात इंग्रजी चालतं, गाड्या डावीकडून, प्लग तीन पिनांचा, त्यामुळे ते ब्रिटनचंच शेपूट आहे असं डोक्यात बसलेलं. ते १९६४ सालीच स्वतंत्र झालं आणि २००७ पासून शेंगेन या युरोपातल्या सामाईक व्हिसाच्या गटात आहे. माझ्याकडे शेंगेन व्हिसा नव्हता. नवरा म्हणाला, "मी जाऊन येऊ का?" गंमत केली असं तो अजून म्हणतो.

फेब्रुवारीत व्हिसा काढून गेलो. त्या दिवसांत तिथे चक्क हिरवळ असते, बदामाची झाडं फुललेली असतात. सेंट जॉन्स को-कॅथेड्रलला मी नटूनथटून, टोकदार टाचांचे सँडल घालून गेले, तर तसल्या टाचा आत चालत नाहीत. खालची फरशी म्हणजे सेंट जॉनच्या पंथातल्या सरदारांच्या (नाइट्सच्या) संगमरवरी समाध्या, एकेक नक्षीदार, टाचांनी टवके उडतात. नवऱ्याने सॅकमधून माझ्या रबरी चपला काढल्या. "तुला चावणारच होते ते सँडल," म्हणाला. काउंटरवरचं माफ केलं.

आत कॅराव्हॅज्यो या इटालियन चित्रकाराचं १६०८ चं चित्र आहे, संत जॉनच्या शिरच्छेदाचं. मानेतून सांडलेल्या रक्तातच त्याने सही केलीय. सही असलेलं त्याचं हे एकच चित्र. रोममध्ये खून करून तो इथे आला, इथे त्याला सरदारकी मिळाली, वर्षभरात इथेही मारामारी, कैद, पलायन! चित्रापुढे पाऊण तास उभी होते, रबरी चपलांत.

ॲमस्टरडॅमहून

ऑगस्टात जाऊ नका. झाड शोधावं लागतं, पिवळा दगड रात्री अकरालाही तापलेला असतो. कोमिनोच्या ब्लू लगूनच्या पाण्याचा रंग बघायला गर्दीतून आधी पाणी दिसायला हवं ना! आता तिथे आधी वेळ आरक्षित करावी लागते म्हणे, बरं झालं. हायपोजियमचं भुयार, म्हणजे जमिनीखालची प्राचीन दफनभूमी, बघायची असेल तर तिकीट खूप आधी काढा, एका वेळी दहाच माणसं सोडतात. आम्ही दारावरचा फलक वाचून परतलो.

उरणकर, सध्या बर्लिन

बायको नागपूरची. तिला गोझोवरची खडकाची कमान बघायची होती, ॲझ्युअर विंडो. लग्नाआधीपासून फोनवर तोच फोटो. मी "पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी" करत राहिलो आणि ८ मार्च २०१७ ला वादळात ती कमान समुद्रात कोसळली. त्यामुळे गोझोला गेलो तो मी गुन्हेगार म्हणूनच. फेरीवर जाताना कुणी पैसे मागितले नाहीत तेव्हा आणखी धाकधूक. मग कळलं, तिकीट परतताना घेतात. बेटावर गेलेला माणूस परत येणारच, हा हिशेब मला फार आवडला.

कमानीच्या जागी मोकळं आभाळ. बायको काही बोलेना. म्हणून तिला श्वेनीच्या मिठागरांवर नेलं. माझं लहानपण मिठागरांच्या बांधावर गेलंय, पण आमची मिठागरं चिखलमातीची, खाडीच्या भरतीवर चालणारी. इथे किनाऱ्याच्या खडकातच चौकोनी कप्पे खोदलेत, शेकड्यांनी, बुद्धिबळाच्या पटासारखे. उन्हाने पाणी आटायचं, कडेला पांढरी रेघ धरायची, मग मीठ ओढून रास करायची. अजूनही काही घरं पिढ्यानपिढ्या हेच करतात. मी बोलत सुटलो. आजोबा मीठ कसं ओढायचे, पायांना भेगा कशा पडायच्या, पावसाची पहिली सर आली की राशी झाकायला पोरंसोरं कशी धावायची. तासभर. बायको म्हणाली, "सहा वर्षांत हे कधी सांगितलं नाहीस." कुणी विचारलंच नव्हतं.

मीठ दोन किलो घेतलं. विमानतळावर तपासणीत ती पांढरी पुडी बघून काय काय झालं, ते वेगळं लिहीन.

फोंडा, गोवा

आम्ही दोघं साठीतले, मुलगा मिलानला. त्यानेच तिकिटं काढून दिली. गल्लीच्या कोपऱ्याकोपऱ्यावर संतांच्या मूर्ती, फेस्ताच्या, म्हणजे चर्चच्या जत्रेच्या, माळा, दुपारी दुकानं बंद. आमच्या ह्यांना घरीच आल्यासारखं वाटलं. भाषा मात्र मजेची. मूळची अरबी, लिहितात रोमन लिपीत. जगाला 'दिन्या', राजाला 'सुल्तान', शर्टाला 'क्मिस'. आपल्याकडे दुनिया, सुलतान, कमीज. ह्यांनी वहीत यादीच केली आणि बसमध्ये मोठ्याने वाचून दाखवली. चालक निघाला केरळचा!

रविवारी मार्साश्लोकच्या मासळीबाजारात गेलो. खरं सांगते, निम्मा बाजार टेबलक्लॉथ आणि फ्रिजवर लावायच्या चुंबकांचा. पण होड्या बघाव्यात. निळ्या-पिवळ्या, नाळेवर दोन्ही बाजूंना डोळे कोरलेले, दृष्ट लागू नये म्हणून. लाम्पुकी नावाचा मासा मिळाला, शरदातला. खोलीला स्वयंपाकघर होतं, माझ्याकडे आमसुलं होती. म्हणजे सुट्टीतही ओट्यापुढे मीच. हे म्हणाले, "अगं, हॉटेलात असलं मिळणार आहे का?" त्यांना म्हटलं, मग निदान भांडी तरी घासा. घासली. फोटो काढून सुनेला पाठवला.

म्युनिकहून (ती डब्लिनला)

आमचं माल्टा म्हणजे सोय. दोन्ही शहरांतून थेट विमान आहे, एवढंच. लग्नाला दीड वर्ष झालं, एका शहरात नोकऱ्या अजून जमल्या नाहीत. तिथली प्राचीन दगडी मंदिरं, किल्ले काही पाहिलं नाही. दोन्ही दिवस पाऊस पडला, जो तिथे म्हणे पडत नाही. सूर्यासाठी आलेले सगळे कॅफेत चिडून बसलेले. आम्ही व्हॅलेटाच्या पायऱ्यांच्या गल्ल्यांतून लाकडी बंद सज्जांखालून, भिंतीला चिकटून चालत होतो. एक छत्री, एक जॅकेट.

तिथल्या बऱ्याच चर्चला दोन घड्याळं असतात. एक खरं, दुसरं मुद्दाम चुकीची वेळ दाखवणारं, सैतानाला प्रार्थनेची वेळ कळू नये म्हणून. रविवारी माझं विमान तिच्याआधी तीन तास. ती म्हणाली, "आपण त्या दुसऱ्या घड्याळाने जाऊया."

पुन्हा फ्रँकफर्टहून, धागा काढणारी

उरणकर, पुडीचं लिहाच. फोंड्याच्या वहिनी, आमसुलं कायम पर्समध्ये का हो? आणि हो, सासूबाईंसाठी चार पास्तित्सी डब्यातून आणल्या होत्या. तव्यावर गरम करून दिल्या. अर्धी खाऊन म्हणाल्या, "बरी आहे. सारणात आलं-मिरची विसरलेत."