गरोदरपणात हेपॅरिनचे इंजेक्शन स्वतः घेताना हात थांबतो, काय करावे?

गोदाकाठ (प्रश्न)

नमस्कार. मला सध्या चौदावा आठवडा सुरू आहे. याआधी दोन वेळा तिसऱ्या महिन्याच्या आसपास गर्भाची वाढ थांबली. त्यानंतरच्या तपासण्यांत अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोमचे निदान झाले, म्हणजे रक्तात गाठी होण्याची प्रवृत्ती वाढवणारी प्रतिद्रव्ये माझ्या शरीरात आहेत. बारा आठवड्यांनी तपासणी पुन्हा केली, तेव्हाही अहवाल तोच आला. त्यामुळे या खेपेस दिवस राहिल्याचे कळताच ॲस्पिरिनची ७५ मिलिग्रॅमची गोळी आणि एनॉक्सापॅरिनचे (हा हेपॅरिनचाच एक प्रकार) ४० मिलिग्रॅमचे तयार सिरिंजमधले इंजेक्शन रोज एकदा, असे उपचार सुरू झाले. बाळंतपणानंतरही काही आठवडे इंजेक्शन चालू राहील, असे डॉक्टरांनी सांगितले आहे.

आतापर्यंत आमच्या गल्लीतल्या दवाखान्यातील सिस्टर रोज संध्याकाळी घरी येऊन इंजेक्शन देत असत. त्या आता दुसऱ्या गावी गेल्या आहेत, आणि जाण्यापूर्वी त्यांनी मला ते कसे घ्यायचे हे नीट शिकवले आहे. कृती मला पाठ आहे. तरीही सुई त्वचेजवळ नेली की हात जागच्या जागी थांबतो, तळव्याला घाम फुटतो आणि मी कितीतरी वेळ तशीच बसून राहते. आत बाळ असताना त्याच पोटावर सुई टोचायची, ही कल्पनाच मनाला पटत नाही. यजमानांची इथे नाशिकमध्येच सातपूरला पाळीची नोकरी असल्याने ते ठरलेल्या वेळी घरी असतीलच असे नाही. सासूबाई प्रेमळ आहेत, परंतु पोटावरचे काळेनिळे डाग पाहून त्या रोज विचारतात की एवढ्या सुयांचा बाळाला त्रास होत नसेल का. त्यांना काय उत्तर द्यावे हे मला सुचत नाही, कारण तोच प्रश्न माझ्याही मनात असतो.

ज्यांनी अशी इंजेक्शने महिनोन्‌महिने घेतली आहेत, त्यांनी कृपया आपले अनुभव सांगावेत.

मोगरा

ताई, तुमचेच निदान घेऊन मी दोन बाळंतपणे पार पाडली आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट बाळाची. या सिरिंजची सुई जेमतेम सव्वा सेंटीमीटर लांबीची असते आणि ती चिमटीत धरलेल्या त्वचेखालच्या चरबीच्या थरात जाते. त्याच्या खाली स्नायूंचा थर, मग गर्भाशयाची जाड भिंत आणि त्याच्या आत पाण्याची पिशवी असते, तेव्हा ती सुई बाळापर्यंत पोहोचत नाही. औषधाचेही तसेच आहे. हेपॅरिनचे रेणू आकाराने मोठे असल्याने ते वार ओलांडून बाळाच्या रक्तात जात नाहीत, आणि गरोदरपणात गोळ्यांऐवजी हीच इंजेक्शने देण्याचे मुख्य कारण तेच आहे. माझ्या सासूबाईंना मी हे सांगून पाहिले, पण त्यांचा विश्वास बसला तो डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफीच्या वेळी पडद्यावर दाखवून समजावल्यानंतर. आपणही पुढच्या तपासणीला त्यांना सोबत न्यावे, असे मला वाटते.

आता हात थांबण्याविषयी. माझ्या मते भीती सुईची कमी आणि ‘आता’ असे स्वतःला सांगण्याच्या त्या क्षणाची जास्त असते. तो क्षण जितका लांबवाल तितका तो जड होत जातो. म्हणून मी इंजेक्शनची वेळ रात्रीच्या जेवणाला बांधून टाकली होती. पाने घेण्यापूर्वी इंजेक्शन व्हायचेच, त्यावर स्वतःशी चर्चा करायची नाही. सर्व सामान आधी मांडून ठेवावे, पाठीला उशा लावून अर्धवट टेकून बसावे आणि निवडलेल्या जागेवर रुमालात गुंडाळलेला बर्फ थोडा वेळ धरावा. स्पिरिटने पुसल्यावर त्वचा पूर्ण वाळू द्यावी, कारण ओल्या स्पिरिटमुळेच पुष्कळदा झोंबते. नंतर डाव्या हाताने घडी धरून श्वास सोडता सोडता सुई सरळ, काटकोनात, पूर्ण आत घालावी. हळूहळू टेकवत नेण्यापेक्षा एका दमात घातलेली सुई कमी दुखते, मात्र औषध सोडताना अजिबात घाई करू नये. मी मनात तीसपर्यंत अंक मोजत दट्ट्या दाबत असे, आणि तेव्हापासून माझे डाग स्पष्टपणे कमी झाले. सुई बाहेर येईपर्यंत घडी सोडू नये आणि नंतर ती जागा चोळू नये, कापसाने नुसती दाबून धरावी.

डाग मात्र काही प्रमाणात पडणारच. एक दिवस उजवीकडे, एक दिवस डावीकडे अशी जागा बदलत राहावी आणि बेंबीपासून चार बोटे दूर राहावे. शेवटच्या महिन्यांत पोटाची त्वचा ताणली जाऊन चिमटीत येईना, तेव्हा मला डॉक्टरांनी मांडीच्या बाहेरच्या बाजूला घेण्याची परवानगी दिली होती.

साखरभात

मला गरोदरपणातील मधुमेहामुळे इन्सुलिन घ्यावे लागत आहे, त्यामुळे माझे औषध वेगळे असले तरी पोट तेच आहे. माझी सुई आपल्या सुईहून पुष्कळच लहान असते, म्हणून दुखण्याची तुलना मी करणार नाही. मला उपयोगी पडलेली एक गोष्ट तेवढी सांगते: इंजेक्शन घेताना घरातल्या कोणालाही समोर उभे राहू देत नाही. त्यांच्या चेहऱ्यावरची कळ पाहिली की मलाच अधिक दुखते.

मात्र एक शंका आहे. पेनमधली हवा काढण्यासाठी मी दरवेळी आधी दोन युनिट हवेत सोडते. हेपॅरिनच्या सिरिंजमध्येही हवेचा बुडबुडा दिसतो, तोही असाच काढायचा असतो का?

निवृत्त परिचारिका

साखरभात यांचा प्रश्न महत्त्वाचा आहे, म्हणून आधी त्याचे उत्तर देते. इन्सुलिनच्या पेनमधून हवा काढावी लागते, पण एनॉक्सापॅरिनच्या तयार सिरिंजमधला बुडबुडा, पूर्ण मात्रा घ्यायची असल्यास, मुळीच काढायचा नसतो. तो काढण्याच्या प्रयत्नात औषधाचे थेंब वाया जातात आणि मात्रा कमी पडते. ज्यांना सिरिंजमधले अर्धेच औषध घ्यायला सांगितले आहे, त्यांनी ते कसे मोजावे हे रुग्णालयातच शिकून घ्यावे.

गोदाकाठ, आपल्याला चक्कर आल्यासारखे होत असेल तर मांड्यांचे आणि पोटऱ्यांचे स्नायू काही क्षण घट्ट आवळून सैल सोडावेत आणि असे दोन-चार वेळा करावे, त्याने रक्तदाब एकदम उतरत नाही. पोट मोठे झाल्यावर मात्र उताणे झोपून इंजेक्शन घेऊ नये, टेकून बसणेच बरे.

रक्त पातळ ठेवणारे औषध चालू आहे, ही गोष्ट आपल्याला तपासणाऱ्या, टोचणाऱ्या आणि औषध देणाऱ्या प्रत्येकाला सांगावी. धनुर्वाताची लस दंडाच्या स्नायूत देतात, तेव्हा तर आठवणीने सांगावे, म्हणजे सिस्टर बारीक सुई वापरून ती जागा नंतर दोनेक मिनिटे दाबून धरतील. अंगदुखीसाठी दुकानातून आयबुप्रोफेनसारखी गोळी परस्पर आणू नये. एखादा दिवस इंजेक्शन राहून गेले तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊन भरपाई करू नये, डॉक्टरांना फोन करून विचारावे. पोटावरचा डाग नाण्याएवढा असेल तर चिंता नाही. परंतु अंगावरून रक्त जाणे, हिरड्यांतून किंवा नाकातून न थांबणारे रक्त, एकाच पायाची पोटरी सुजून दुखणे, अचानक धाप लागणे किंवा छातीत दुखणे यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट पाहू नये. गाडी नसेल तर १०८ला फोन करावा.

वापरलेल्या सिरिंज घरातल्या कचऱ्यात टाकणाऱ्यांविषयी मी नोकरीत असतानाही कडक बोलत असे आणि आजही बोलते. कचरा वेगळा करणाऱ्या बायकांच्या हातात त्या सुया जातात. झाकण घट्ट बसणाऱ्या जाड प्लॅस्टिकच्या डब्यात त्या साठवाव्यात, सुईवर टोपण पुन्हा चढवण्याच्या भानगडीत पडू नये आणि डबा भरत आला की रुग्णालयात नेऊन द्यावा.

दुसरी पाळी

माझ्या पत्नीला संपूर्ण गरोदरपणात ही इंजेक्शने मीच दिली. तिने स्वतः घेतलेच पाहिजे, असा आग्रह डॉक्टरांनी कधी धरला नाही, आणि मलाही तो पटत नाही. माझी रात्रपाळी असे तेव्हा आम्ही डॉक्टरांना विचारून इंजेक्शनची वेळ कायमची सकाळची करून घेतली. रोज साधारण तीच वेळ पाळली जाणे महत्त्वाचे आहे, ती संध्याकाळचीच असावी असे नाही. आपल्या यजमानांना एकदा सिस्टरांसमोर शिकू द्यावे. मोगरा यांनी लिहिलेले सर्व बरोबर आहे, पण ज्या दिवशी हात उठणारच नाही, त्या दिवसासाठी घरात दुसरे कोणीतरी शिकलेले असावे.

जाता जाता एक गोष्ट लिहितो, कारण आमच्या घरी त्यावरून वाद झाला होता. हेपॅरिन आणि त्यापासून तयार होणारे एनॉक्सापॅरिन डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून मिळवलेले असते. ज्यांना धर्मामुळे किंवा शाकाहारामुळे हे खटकते, त्यांनी ते डॉक्टरांशी उघडपणे बोलावे, परंतु मनातल्या मनात ठरवून औषध बंद करू नये.

गोदाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. काल बर्फ लावून, श्वास सोडत आणि अंक मोजत इंजेक्शन घेतले. भीती गेली असे म्हणणार नाही, पण सामान मांडल्यानंतर फार वेळ बसून राहावे लागले नाही. बुडबुड्याविषयी वाचून फार बरे वाटले, कारण तो आत गेला तर काय होईल याचीच मला धास्ती होती. यजमानांना येत्या तपासणीच्या दिवशी शिकवून घेणार आहोत आणि सासूबाईही सोबत येणार आहेत.

आणखी एक विचारते. आमच्याकडे पहिले बाळंतपण माहेरी करण्याची पद्धत आहे. माझे माहेर जळगावचे आणि दिलेली तारीख मे महिन्यातली आहे. एवढ्या उन्हाळ्यात इंजेक्शने कशी न्यावीत आणि ठेवावीत? शिवाय कळा सुरू झाल्या त्याच दिवशी इंजेक्शन घेतलेले असेल तर काय करायचे?

निवृत्त परिचारिका

दुसरा प्रश्न आधी घेते, कारण तो अधिक निकडीचा आहे. कळा सुरू झाल्या, पाणी गेले किंवा अंगावरून रक्त दिसले, तर पुढचे इंजेक्शन घेऊ नये, लगेच रुग्णालयात जावे आणि शेवटचे इंजेक्शन नेमके किती वाजता घेतले ते सांगावे. आपल्यासारख्या रोज एकदा घेण्याच्या कमी मात्रेनंतर पाठीतून भूल देण्यासाठी साधारण १२ तास जाऊ द्यावे लागतात, मोठ्या मात्रेनंतर २४ तास. तेवढा वेळ मिळाला नाही तर बाळंतपण अडत नाही, भूल देण्याची पद्धत मात्र बदलावी लागते. म्हणून रोजची वेळ एका वहीत लिहून ठेवण्याची सवय आत्तापासूनच लावावी आणि ती वही फाइलमध्येच ठेवावी. कळा आणण्याची किंवा सिझेरियनची तारीख आधीच ठरली, तर शेवटचे इंजेक्शन केव्हा घ्यायचे हे डॉक्टर लिहून देतील. बाळंतपणानंतर रक्तस्राव आटोक्यात असल्याचे पाहून काही तासांनी ते पुन्हा सुरू करतात आणि पुष्कळदा सहा आठवड्यांपर्यंत चालू ठेवतात. अंगावर पाजायला त्याची अडचण नसते.

उन्हाळ्याविषयी. खोक्यावर २५ अंशांच्या आत ठेवावे आणि गोठवू नये असे लिहिलेले असते, ते आपल्या खोक्यावर वाचून घ्यावे. जळगावला मे महिन्यात खोलीचे तापमान त्याच्या कितीतरी वर जाते, त्यामुळे घरात वातानुकूलित खोली नसेल तर कुठे ठेवायचे हे औषध देणाऱ्या फार्मासिस्टला विचारावे, आणि फ्रीझरमध्ये तर मुळीच ठेवू नये. प्रवासात ती पिशवी गाडीच्या डिकीत न टाकता स्वतःजवळ ठेवावी आणि बर्फाचा पॅक सिरिंजला थेट टेकू देऊ नये. महिनाभराचा साठा एकदम नेण्यापेक्षा तिथल्या दुकानात हे औषध मिळते का याची माहेरच्यांकडून आधीच चौकशी करून ठेवावी.

माहेरी जाण्याबद्दल मात्र स्पष्ट लिहिते. पद्धत म्हणून नवव्या महिन्यात जाऊन नव्या रुग्णालयाच्या दारात उभे राहणे आपल्या बाबतीत योग्य नाही. जायचेच असेल तर सातव्या महिन्यातच तिथे नाव नोंदवावे. स्त्रीरोगतज्ज्ञ, रक्तपेढी आणि रात्री-अपरात्री येऊ शकणारे भूलतज्ज्ञ उपलब्ध आहेत ना, याची खात्री करावी आणि भूलतज्ज्ञांना एकदा प्रत्यक्ष भेटून हे इंजेक्शन चालू असल्याचे सांगावे. सरकारी केंद्रात दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली तपासणी होते, तिथे जोखमीच्या मातेच्या कार्डावर लाल खूण लावतात. आपल्या माता व बाल संरक्षण कार्डावर ती नसेल तर मागून लावून घ्यावी, म्हणजे जळगावला पहिल्यांदा कार्ड हातात घेणाऱ्या सिस्टरलाही ते लगेच दिसेल. आणि हे सर्व जमणार नसेल, तर आईलाच नाशिकला बोलावून घ्यावे.