जुनी किट कार: पावत्यांची बेरीज म्हणजे किंमत का?

डर्बीकर:
परवा इथे इंग्लंडात डर्बीजवळ एक वेस्टफील्ड बघून आलो. ही किट कार, म्हणजे सुट्या भागांचा संच (किट) विकत घेऊन स्वतः जोडायची गाडी. 1999 मध्ये घरच्या गॅरेजात जोडलेली, फोर्डचं 1.8 झेटेक इंजिन. विकणारे आजोबा 11,500 पौंड मागतात. त्यांनी दोन जाड फायली पुढ्यात ठेवल्या: किट, इंजिन, कार्ब्युरेटर, चाकं मिळून 17,000 च्या पावत्या. म्हणजे म्हणे मला स्वस्तातच पडतेय! माझ्या मते पावती हा पुरावा आहे, किंमत नाही. मी 8,000 च्या वर जाणार नाही. चुकतोय का?

स्पॅनरवाला:
अजिबात नाही. हौसेला मोल नसतं, पण म्हणून हौसेचं बिल दुसऱ्याच्या नावावर फाडायचं नसतं. किट कारची किंमत बांधणाऱ्याच्या हातावर ठरते. एकाच किटच्या दोन गाड्या शेजारी उभ्या करा, एकीच्या वायरिंगला हात लावायची भीती वाटेल.

मी एकदा फायलीला भुललो होतो. घरी बांधलेलीच गाडी, रंग आरशासारखा. पहिल्या हिवाळ्यात मागचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा काढला, तर आतली सांगाड्याची चौकोनी नळी गंजून बोटाने दाबली जात होती. नळीवरचं पावडर कोटिंग (रंगाचा थर) फुगलेलं विकत घेताना दिसलंच होतं, पण मी नजर फिरवली. वेल्डिंगवाल्याने त्या पावत्या मागितल्या नाहीत.

रोव्हरप्रेमी:
दोघांशीही असहमत. बेरीज चूक असेल, पण 8,000 हा आकडा कुठून आला? जाहिराती बघून ना? जाहिरातीत मागितलेली किंमत असते, मिळालेली नव्हे. शिवाय उघडी गाडी नोव्हेंबरच्या पावसात आणि एप्रिलच्या उन्हात एकाच भावाने विकली जात नाही. आजोबांनी शेकडो तास घातलेत. ते तास तुम्ही शून्य धरता, आणि मग स्वस्तातली गाडी घेऊन स्वतःचे तेवढेच तास घालता.

स्पॅनरवाला:
तास चांगले गेले असतील तर ते गाडीत दिसतात. दिसले तर पैसे द्यावेत, माझी ना नाही.

चिंचवडचा:
ही गाडी इकडे आणून आरटीओत नोंदवता येईल का हो?

रोव्हरप्रेमी:
दादा, त्या वाटेला जाऊ नका.

कागदवाली:
तुम्ही सगळे नटबोल्ट बघताय, मी कागद बघते. व्ही5सी वर, म्हणजे इथल्या नोंदणीच्या कागदावर, गाडीचं नाव काय आहे? ‘वेस्टफील्ड’ असेल तर ठीक. ज्या जुन्या गाडीचे भाग वापरले तिचंच नाव, समजा ‘फोर्ड सिएरा’, अजून असेल, तर गाडी फुकट दिली तरी मी आधी थांबेन. पुढे नोंदणी खात्याने बोट ठेवलं की तपासणी नव्याने, नंबर जाण्याची शक्यता, आणि विमा कंपनीही हात वर करू शकते. नंबर ‘क्यू’ने सुरू होतो का, तेही पाहा; भागांचं वय नक्की सांगता येत नाही अशा गाडीला तो मिळतो. त्याने गाडी वाईट ठरत नाही, पण पुढचं गिऱ्हाईक भाव पाडतं.

आणखी एक. घरी बांधलेल्या गाड्यांना 1998 पासून रस्त्यावर आणण्याआधी एसव्हीए ही सरकारी तपासणी लागली, 2009 पासून तिच्या जागी आयव्हीए आली. तुमची गाडी 1999 ची, म्हणजे एसव्हीए झालेली असायला हवी. त्या दोन जाड फायलींत तो एक कागद आहे का?

डर्बीकर:
हे मी विचारलंच नव्हतं. शनिवारी पुन्हा जातो.

रोव्हरप्रेमी:
जाताना टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचा. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. रबराची जाडी बघून फसू नका, यातल्या बऱ्याच गाड्या फारशा धावतच नाहीत. टायर झिजत नाहीत, म्हातारे होतात.

डर्बीकर:
जाऊन आलो. व्ही5सी वर वेस्टफील्ड, एसव्हीएचा कागद फायलीत सगळ्यात खाली, बांधणीचे फोटोही सापडले. मागचा पत्रा आजोबांनी स्वतःच काढून दाखवला, नळ्या कोरड्या. टायरवर 2811, म्हणजे 2011 चा अठ्ठाविसावा आठवडा, चारही बदलायचे. पुढच्या सस्पेन्शनच्या एका सांध्यात खडखड आहे. 9,400 बोललो. ते 10,500 वर अडलेत.

स्पॅनरवाला:
8,000 च्या वर जाणार नव्हता ना?

डर्बीकर:
पत्र्याआतल्या नळ्या बघितल्यावर गेलो. टायर त्यांनी घालून दिले तर 10,000 म्हणेन.

रोव्हरप्रेमी:
टायर स्वतः निवडा, त्याचे पैसे कमी करून घ्या. ते घालतील ते सगळ्यात स्वस्त असतील.