पुरानंतर सर्वे झाले, त्याचे निष्कर्ष गावाला कधी सांगणार?

पंचगंगाकाठ
२०१९ ला आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात पूर आला, परत २०२१ ला आला, आणि दोन्ही वेळेला पाणी ओसरल्यावर चिखली, आंबेवाडी, शिरोळकडं फॉर्म घेऊन पोरंपोरी आली. बीपी-शुगरच्या गोळ्या कुठनं आणल्या, झोप लागते का, पाऊस वाढला की छातीत धडधडतं का, सगळं विचारलं. आईनं सगळं सांगितलं, सांगता सांगता रडली पण. पुढं त्याचं काय झालं ते आजपर्यंत कुणी कळवलं नाही. माझं म्हणणं एवढंच, सर्वे केला की निष्कर्ष ग्रामसभेत मराठीत वाचायचे आणि ही अट ग्रामपंचायतीनं परवानगी देतानाच घालायची.

एमएसडब्ल्यू_करतोय
दादा, तळमळ समजते पण पटत नाही. यातनं काही मिळणार नाही हे आम्ही सर्वे करणारे विद्यार्थी आधीच सांगतो, तरी घर पडलेला माणूस नाव लिहून घ्या म्हणतोच. परत जाऊन नुसती टक्केवारी वाचली तर त्याच्या हातात काय पडणार? आकडा वर पोचला की काम होतं. २००१ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात ० ते ६ वयात हजार मुलांमागं ८३९ मुली होत्या, मग प्रशासनानं सोनोग्राफी मशीनना सायलेंट ऑब्झर्व्हर, म्हणजे प्रत्येक तपासणीची नोंद ठेवणारी यंत्रं, बसवले, २०११ ला ८६३ झाल्या. त्याच दहा वर्षांत राज्य ९१३ वरनं ८९४ वर घसरलं.

पंचगंगाकाठ
८६३ पण कमीच की रे भावा. आणि नुसत्या मशीननं झालं कशावरनं? गर्भलिंग तपासणीबंदीचा कायदा १९९४ पासनं आहे, जागृती पण चालली होती. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत पण संशोधनाचा फायदा त्या समाजाला परत मिळावा असंच आहे.

आशाताई_करवीर
मी फिल्डवर असते म्हणून बोलते. छोट्या वाडीत "दोघांना टीबी, तिघींना मारहाण" असं माईकवर वाचलं की दिवस मावळायच्या आत नावं फुटतात, मग त्या बाईचं काय होतं ते बघायला सर्वेवाले नसतात. आणि मुळात माहिती तरी खरी कुठं असते, नवरा मारतो का विचारतात तवा सासू उंबऱ्यातच बसलेली, सून मान हलवून नाही म्हणते, नंतर नळावर मला वेगळंच सांगते.

पंचगंगाकाठ
ताई हे पटलं. असल्या गोष्टी गावाच्या नावानं नकोतच, तालुक्याच्या आकड्यात जाऊ देत. पण पाणी, औषधं, पुराचं टेन्शन हे तर सांगता येतं ना?

माजी_सदस्य_शिरोळ
परवानगीची अट पंचायतीच्या हातात अजिबात देऊ नका. उद्या विहिरीचं पाणी खराब निघणार असं वाटलं की सरपंच सर्वेच होऊ देणार नाही, मी आतनं बघितलंय हे. आणि ग्रामसभा निम्म्या वेळा कोरम नाही म्हणून तहकूब, वाचणार कुणापुढं?

पंचगंगाकाठ
बरोबर, मग अट विद्यापीठाच्या एथिक्स कमिटीनं, म्हणजे संशोधनाला मंजुरी देणाऱ्या समितीनं, घालावी. निष्कर्ष कुठं आणि कधी सांगणार ते संमतीपत्रातच लिहा, नाहीतर मंजुरी नाही.

एमएसडब्ल्यू_करतोय
तारीख लिहून देणं अवघड आहे, व्हायवा, म्हणजे आमची तोंडी परीक्षा, कधी होईल ते आमच्याच हातात नसतं. अट नकोच, पण उपकेंद्राच्या भिंतीवर एक पान लावायला माझी ना नाही.

आशाताई_करवीर
लावा, पण लावायच्या आधी मला दाखवा. कुठल्या ओळीवरनं कुणाचं घर ओळखू येतंय ते आम्हालाच कळतं.