अनुभव धागा : नदीकाठची फोर-बाय-फोर वाट, कोकण

पाऊस सरला की नदीकाठच्या वाटा मोकळ्या होतात. उतारावरून (नदी ओलांडायच्या उथळ जागेतून) गाडी कशी काढायची, काय बिघडतं आणि का, तेवढं लिहा. फोटो नंतर.

चिपळूण
आभाळ बघून वाशिष्ठीचा अंदाज बांधू नका. कोयनेला वीजनिर्मिती झाली की ते पाणी कोळकेवाडीमार्गे हिच्यात येतं, त्यामुळे भर उन्हाळ्यातही पातळी चढते. कोलाडच्या कुंडलिकेचं तेच. तिथलं राफ्टिंग भिऱ्याहून सुटणाऱ्या पाण्यावरच चालतं. काठच्या दगडावर खूण करा, दहा मिनिटं थांबा. खूण बुडाली तर मागे फिरा.

खेड
आधी काठी घेऊन पाण्यात पायी जा, खोली बघा. थार गाडीची पाण्याच्या खोलीची मर्यादा ६५० मिमी, गुरखा गाडीची ७००, पण वाहत्या पाण्यात मी निम्मीच धरतो. फोर-लो (चारही चाकांना जोर, हळू गती), दुसरा गिअर, एकसारखा वेग. मध्येच क्लच दाबला की गाडीपुढची लाट मोडते आणि पाणी इंजिनवर येतं. बंद पडलीच तर स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. गोट्यांवर टायर २० पीएसआय. त्याहून फार उतरवले तर कडेच्या धारेने रिमवरून निसटतात. डांबरीवर टू-एच (फक्त दोन चाकांना जोर), हवा पूर्ववत.

संगमेश्वर
घाट उतरून थेट पाण्यात? नको. तापलेला डिफरन्शियल (चाकांना जोर वाटणारी गिअरपेटी) गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते. ब्रीदर (त्या पेटीचं हवेचं छिद्र) चिखलाने बुजलेला असेल तर ऑइल सीलमधून पाणी ओढलं जातं. पंधरा-वीस मिनिटं थांबा. ब्रीदरला नळी जोडून ती बॉनेटखाली वर बांधली तर उत्तम, खर्चही किरकोळ. नंतर डिफरन्शियलचा तेलाची पातळी बघायचा बोल्ट काढून पाहा. तेल दुधाळ चहासारखं दिसलं तर बदला.

राजापूर
खाडीच्या बाजूला तिथी बघा. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते, अष्टमीला सहा. खाडीत आत ती आणखी उशिरा. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात तो रस्ता सोडाच. खारं पाणी लागलं तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने चेसिस, ब्रेक धुवा. आणि कांदळवनात चाक घालू नका, गुन्हा आहे.

कुडाळ
व्हाळातल्या (ओढ्यातल्या) कातळावर शेवाळ असेल तर फोर-लोसुद्धा घसरते. तिथे कोयत्याने शेवाळ खरवडणं विंचपेक्षा (गाडी ओढायच्या दोराच्या यंत्रापेक्षा) स्वस्त. ओढायची वेळ आली तर दोर चेसिसच्या हुकाला, डी-शॅकलने (पिन घालून बंद होणाऱ्या लोखंडी कडीने). टो-बॉलला (ट्रेलर जोडायच्या मागच्या गोळ्याला) कधीच नाही, तुटला तर तोफेच्या गोळ्यासारखा येतो.