शब्दचर्चा: ‘प्लॅन्ड बर्न’ला मराठीत काय म्हणायचं?

सिडनीकर
मंडळी, एक नकाशा करतोय आणि रंगसूचीपाशी अडलोय. न्यू साउथ वेल्सच्या राष्ट्रीय उद्यान खात्याने आपल्याकडच्या आगींचा इतिहास खुल्या विदेच्या (ओपन डेटाच्या) रूपात ठेवलाय. प्रत्येक आगीची हद्द, तारखा, हेक्टर आणि प्रकार. प्रकार दोनच : ‘वाइल्डफायर’ आणि ‘प्रिस्क्राइब्ड बर्न’, म्हणजे खात्याने आधी ठरवून लावलेली आग. परवाना क्रिएटिव्ह कॉमन्सचा, म्हणजे श्रेय द्या आणि खुशाल वापरा. त्यातून सिडनीच्या वस्तीला चिकटलेली रानं तेवढी वेगळी काढलीत : लेन कोव्ह, गॅरिगल, कु-रिंग-गाय चेस, नॉर्थ हेड.

नकाशा इथल्या मराठी मंडळींच्या अंकात जाणार आहे. वाचणाऱ्यांत बरेच जण मुलाबाळांकडे राहायला आलेले आईवडील. मे महिन्यात सकाळी खिडकी उघडली की धुराचा वास येतो, आणि ‘इथे जंगल पेटलंय’ असे फोन थेट सांगली-साताऱ्याला जातात. त्यांना नकाशावर दोन रंग दाखवायचे आहेत. लाल म्हणजे वणवा, त्यात प्रश्न नाही. दुसऱ्या रंगापुढे सध्या ‘नियंत्रित आग’ लिहिलंय. पटतंय का?

खवचट
‘नियंत्रित वणवा’ लिहिलं नाहीस हे नशीब. एका बातमीत तसं वाचलं होतं. उद्या ‘आटोक्यातला महापूर’ येईल.

यारा (मेलबर्न)
‘नियंत्रित’ काढून टाक. इकडे बोलताना लोक ‘कंट्रोल्ड बर्न’ म्हणतात हे खरं, पण खात्यांच्या कागदांत तो शब्द जपून वापरतात. आमच्या व्हिक्टोरियात ‘प्लॅन्ड बर्न’, पश्चिम ऑस्ट्रेलियात ‘प्रिस्क्राइब्ड’, तुमच्याकडे बोलण्यात ‘हॅझर्ड रिडक्शन’. तिन्ही शब्द हेतू सांगतात किंवा तयारी सांगतात. निकालाची हमी एकही देत नाही.

तुझ्याच नकाशातली दोन ठिकाणं बघ. ८ जून २००० रोजी कु-रिंग-गाय चेसमध्ये माउंट कुरिंग-गायजवळ असाच ठरवून घातलेला जाळ चालू होता. त्यात खात्याची माणसं अडकली, चौघांचा जीव गेला. आणि नॉर्थ हेड : १७ ऑक्टोबर २०२० ला मॅनलीच्या त्या टोकावर थोडा भाग जाळायचा होता. हेतू परिसंस्थेचा होता. तिथलं बँक्सियाचं खुरटं रान दुर्मिळ झालंय आणि त्याला नवं रोप धरायला आगीची गरज असते. वारा फिरला, आग रेषेबाहेर पडली आणि साठेक हेक्टर जळालं. या दोन्हींवर तू ‘नियंत्रित’ची पाटी लावणार का?

‘नियोजित’ म्हण. योजलं होतं, एवढंच ते सांगतं.

सिडनीकर
ताई, मुद्दा मान्य. पण ‘नियोजित आग’ म्हटलं की आमच्या मातोश्री विचारतील, ‘आग लावायची योजना? कुणाचा डाव?’ मराठीत ‘आग लावणे’ला कायमचा वास लागलाय.

खवचट
म्हणून नाम बदल, विशेषण नको बदलू. ‘आग’ आणि ‘जाळ’ यांत फरक आहे. आग लागते, जाळ करतात. चुलीत जाळ घालतात, शेकोटीला जाळ करतात, घराला मात्र आग लागते. ‘नियोजित जाळ’ म्हटलंस तर डावाचा संशय यायचा नाही.

दाढतरवा (देवरुख)
एवढी ओढाताण कशाला? आमच्याकडे यालाच भाजावळ म्हणतात. पावसाच्या आधी दाढ, म्हणजे भाताची रोपं करायची जागा, भाजायची. खाली शेण, त्यावर तोडलेली कवळ (झाडांच्या डहाळ्या), वर पातेरा (वाळका पाला) आणि गवत, सगळ्यावर मातीचा पातळ थर. आधी कडेने हातभर जागा झाडून साफ करायची. वारा पडलेला बघायचा, सकाळची नाहीतर सांजेची वेळ धरायची आणि वारा जिकडे जातोय त्या टोकाला पेटवायचं, म्हणजे आग वाऱ्याच्या तोंडाला सरकत येते. हळू जळतं, खालपर्यंत भाजतं. दुसऱ्या टोकाला लावलंत तर भपकन वरवर जळून जातं आणि ठिणगी डोंगराला लागते. मग तोच वणवा.

योजना आहे, हेतू आहे, वेळ आहे, हद्द आहे. तुमच्या बर्नमध्ये याहून वेगळं काय असतं?

यारा
काकू, वाचून थक्क झाले. इथले लोक अगदी हेच करतात, फक्त हातात ठिबक-मशाल असते आणि पाठीशी पाण्याचा बंब. आग उताराकडे आणि वाऱ्याच्या उलट चालवायची, म्हणजे ज्वाळा गुडघ्याएवढ्या राहतात. उन्हाळ्यात चढावर, वाऱ्याबरोबर धावणाऱ्या आगीशी तिचं काही नातं नाही. आदिवासी लोकांची पद्धत तर याहून सौम्य. ठिपक्याठिपक्यांनी लावायची, आगीला स्वतःच्या पायांनी चालू द्यायचं, किडामुंगीला पळायला वाट ठेवायची. १९६९ मध्ये ऱ्हिस जोन्स या पुरातत्त्वज्ञाने त्याला ‘फायर-स्टिक फार्मिंग’ असं नाव दिलं, पण प्रथा हजारो वर्षांची आहे.

निवृत्त वनपाल (चंद्रपूर)
भाजावळ हा शब्द सुरेख आहे, पण तो शेताचा. कोकणाबाहेर अनेकांनी ऐकलेला नसेल. शिवाय भाजावळीत माती भाजतात, रानातल्या जाळात माती भाजू द्यायची नसते, वरचा पाला तेवढा जाळायचा असतो. अर्थ उलटा होईल.

वनखात्याचा शब्द आहे जाळरेषा. वणव्याचा हंगाम फेब्रुवारीच्या मध्याला सुरू होतो. त्याआधी वनरस्त्यांच्या, हद्दीच्या बाजूने पट्टा आखायचा, गवत कापून वाळू द्यायचं आणि माणसं उभी करून ते जाळून टाकायचं. आग आली तर त्या पट्ट्यावर थांबावी. ताडोब्याला हेच, मुंबईत बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातही हेच. म्हणजे ठरवून जाळण्याचं काम आपलं खातं दरवर्षी करतंच. इतर कुणी राखीव वनात काडी लावली तर १९२७ च्या वन कायद्याचं कलम २६ आहे.

सिडनीकर
काका, जाळरेषा फार आवडला. पण माझ्या नकाशात रेषा नाहीत, क्षेत्रं आहेत. इकडे पट्टा न जाळता अख्खा तुकडा जाळतात. दहा, वीस, कधी शंभर हेक्टर. तळाशी साचलेला पाला आणि काटक्या कमी झाल्या की उन्हाळ्यात आग लागली तरी तिला खायला कमी मिळतं.

निवृत्त वनपाल
मग ‘कक्ष’ घ्या. आपल्याकडे वनाचे कक्ष पाडलेले असतात, कक्ष क्रमांकाशिवाय खात्याचा एक कागद हलत नाही. जाळायला आखलेला तुकडा तो जाळकक्ष. वनरक्षकाला समजावून सांगावं लागणार नाही.

खवचट
वनरक्षकाला नाही लागणार. सिडनीला आलेल्या आजींना ‘कक्ष’ म्हणजे अतिदक्षता विभाग वाटेल.

यारा
‘जाळकक्ष’ तक्त्याच्या मथळ्याला ठीक आहे, सूचीला नको.

आता एक माझा हट्ट. नकाशाचं नाव तू ‘जळालेली क्षेत्रं’ ठेवलंयस असं दिसतंय. वणव्याच्या बाबतीत ते बरंचसं चालेल, नियोजित जाळात नाही. नोंदीत जी हद्द असते ती कामाची बाह्यरेषा असते. तिच्या आत ओल्या घळी न जळता राहतात, खडकाळ माथे राहतात, सावलीतला पाला राहतो. हे मुद्दाम असतं, कारण छोट्या प्राण्यांना तेवढाच आसरा. वीस हेक्टरच्या बहुभुजात (नकाशावर हद्दीने आखलेल्या आकृतीत) प्रत्यक्ष जळालेलं किती तरी कमी असू शकतं. तू सगळा बहुभुज एका रंगाने भरलास की वाचणारा म्हणणार, सगळं खाक झालं.

सिडनीकर
मग काय, ‘जाळ घातलेलं क्षेत्र’?

यारा
हो. घातला म्हणजे घातला, किती जळालं ते वेगळं. आणि रंग भरण्याऐवजी तिरप्या रेघा मार.

या भेदावरून आमच्या राज्यात मोठं राजकारण झालंय. ७ फेब्रुवारी २००९ च्या ‘ब्लॅक सॅटर्डे’च्या वणव्यांत १७३ माणसं गेली. नंतरच्या चौकशी आयोगाने शिफारस केली की दरवर्षी सार्वजनिक जमिनीच्या किमान ५ टक्के भागात असे जाळ घाला. आकडा ठरला की आकड्यामागे धावणं आलं. दूरच्या मोकळ्या रानात एका दिवसात हजारो हेक्टर होतात. वस्तीच्या पाठीमागचे पाच हेक्टर करायला मात्र रस्ता बंद करा, घरोघरी चिठ्ठ्या टाका, वाऱ्याची वाट बघत बसा, वाळत घातलेल्या कपड्यांच्या तक्रारी ऐका. हेक्टरांत ते पाच कुठेच दिसत नाहीत, आणि घरं वाचतात ती त्या पाचांमुळे. शेवटी २०१५ मध्ये टक्केवारीचं लक्ष्य सोडून ‘धोका किती उतरला’ हे माप धरलं. तुझ्या शहरी नकाशाची खरी किंमत इथे आहे. लहान तुकडे ठळक दाखव.

खवचट
हेक्टरांत मोजलेलं काम आणि पानांत मोजलेलं साहित्य, दोन्ही सारखंच.

दाढतरवा
एक विचारू का? आमच्याकडे भाजावळीची आग डोंगराला गेली तर कुणी तिला भाजावळ म्हणत नाही. ‘त्यांच्या भाजावळीने वणवा लागला’ असं म्हणतात. नॉर्थ हेडला तुम्ही कोणत्या रंगात घालणार?

सिडनीकर
काकू, नेमकं त्यावरच गाडी अडलीय. प्रकाराचा रकाना एकच आणि त्यात दोनातलं एक लिहायचं.

यारा
माझ्या मते दोन बहुभुज कर. ठरलेल्या रेषेच्या आतला तो जाळ, बाहेर पडलेला तो वणवा. ‘वाइल्डफायर’ या शब्दात कारण नसतं हे लक्षात घे. वीज पडो, कुणी काडी टाको, तारेची ठिणगी पडो किंवा खात्याचाच जाळ निसटो, काबूबाहेर मोकळी धावते ती सगळी त्या एका रकान्यात. आपल्या ‘वणवा’ शब्दाचंही तसंच आहे, म्हणून ती जोडी चपखल बसते. कारण दाखवायचंच असेल तर वेगळा रकाना कर आणि त्यात ‘निसटलेला जाळ’ लिही.

निवृत्त वनपाल
‘निसटलेला जाळ’ उत्तम.

जाता जाता एक. ‘बॅक बर्निंग’ याच्यात मिसळू नका. माझा भाचा ॲडलेडला असतो, तो दोन्हींना एकच म्हणतो. वणवा अंगावर येत असताना त्याच्या समोरून आग लावून मधलं गवत संपवायचं, ती निकराची वेळ. आपण त्याला सरळ ‘समोरून आग देणे’ म्हणू. थंडीत निवांत वेळ बघून घातलेला जाळ निराळा.

यारा
काका, तुमचा भाचा एकटा नाही. इथल्या वाहिन्याही तेच करतात.

सिडनीकर
आणखी दोन बारीक गोष्टी. एक, ‘बुशलँड’. ‘जंगल’ लिहिलं की वाघ आला. ‘झुडपी जंगल’ चालेल का?

निवृत्त वनपाल
अजिबात नको! विदर्भात ‘झुडपी जंगल’ ही महसूल दप्तरातली जमिनीची नोंद आहे. त्यावरून वर्षानुवर्षं दावे चालले, २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या जमिनी वनच आहेत असा निकाल दिला. नागपूरच्या माणसाने वाचलं तर त्याला वाटेल सिडनीत सातबाऱ्याचा तंटा आहे.

दाढतरवा
‘रान’ म्हणा की. शहरातलं रान. तुम्ही पहिल्याच ओळींत तेच लिहिलंत, कुणी अर्थ विचारला नाही.

खवचट
आणि ‘दावानल’, ‘वडवानल’ वगैरे अलंकार कृपया आणू नका. वडवानल तर समुद्रातला असतो, तरी दर उन्हाळ्यात कुणीतरी तो सह्याद्रीवर चढवतोच. गंमत म्हणजे संस्कृतात नुसता ‘दव’ म्हणजेही रानातली आग, आणि आपल्याकडे गवतावर सकाळी पडतं तेही दव.

सिडनीकर
दुसरी गोष्ट, वर्ष. विदेत वर्ष जुलै ते जून धरलंय, ‘२०२०-२१’ असं. कारण इथला उन्हाळा डिसेंबरात येतो, कॅलेंडराने तोडला तर एकाच हंगामाचे दोन तुकडे होतात. मथळा ‘वर्ष’ ठेवू की ‘हंगाम’?

निवृत्त वनपाल
हंगाम. आपलं महसुली वर्षही १ ऑगस्टला सुरू होतं, त्यामुळे जोडवर्षाला कुणी बिचकणार नाही. पण ‘हंगाम’ वाचलं की आगीचा काळ लगेच डोळ्यापुढे येतो.

यारा
हद्दींच्या नेमकेपणावर मात्र फार विसंबू नकोस. जुन्या आगींच्या रेषा कागदी नकाशांवर हाताने काढलेल्या आहेत. शिवाय ऑस्ट्रेलियाचं अख्खं खंड वर्षाला सुमारे ७ सेंटिमीटर ईशान्येला सरकतंय, म्हणून १९९४ च्या संदर्भ चौकटीत (अक्षांश-रेखांश ज्या पायावर मोजतात त्यात) आणि २०२० च्या चौकटीत सुमारे १.८ मीटरचा फरक पडतो. पेन्सिलच्या रेषेपुढे ते काहीच नाही, पण दोन थर वेगवेगळ्या चौकटींत ठेवलेस तर कुंपणालगतच्या घरमालकांचे फोन येतील. नकाशाखाली एक ओळ टाक : हद्दी अंदाजे आहेत, स्वतःच्या घराचा धोका यावरून ठरवू नये.

सिडनीकर
टाकतो. तर सूची अशी करतोय, कुणाची हरकत असेल तर आज रात्रीपर्यंत सांगा :

वणवा — लाल, भरीव.
नियोजित जाळ — निळ्या तिरप्या रेघा. खाली बारीक अक्षरात : ‘पाला कमी करण्यासाठी किंवा रानाच्या पुनर्वाढीसाठी, बहुधा थंड महिन्यांत, खात्याने स्वतः घातलेला. रेघांच्या आतला सगळा भाग जळालेला नसतो.’
निसटलेला जाळ — लाल, निळ्या काठाचा.

नकाशाचं नाव : ‘सिडनीच्या रानांतले वणवे आणि जाळ, हंगामवार’.

दाढतरवा
हरकत नाही. फक्त त्या बारीक अक्षरात ‘जशी कोकणात भाजावळ’ एवढे तीन शब्द घाला. आजीआजोबांसाठीच आहे ना नकाशा? चंद्रपूरचे काका रागावले तर मी बघते.

निवृत्त वनपाल
रागावत नाही. पण ‘माती न भाजता’ हेही जोडा.