खालचं घर, राजापूर (फक्त घरचे)

सुमनआत्या: समीरच्या विमानाचं नक्की काय ते कोणी सांगेल का? लंडनहून रात्री साडेनऊला सुटतं, मुंबईत दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा. साडेतेरा तास! मला म्हणाला नऊ. पूजेला त्याला बसायचंय, भटजी सात म्हणजे सात. पुढे त्यांची पाच घरं आहेत.

नानाकाका: लंडन-मुंबई ७२०० किमी. विमान ताशी ९००. भागा. ८ तास.

केतकी: आत्या, सुटायची वेळ तिकडची, उतरायची इकडची. आपण साडेचार तास पुढे. वजा केलेस की नऊच.

सुमनआत्या: नाताळात तूच साडेपाच म्हणालीस.

केतकी: तेव्हा साडेपाचच होते. हिवाळ्यात ते घड्याळ तासभर मागे घेतात.

नानाकाका: ७२०० भागिले ९००. नऊ कुठून आले?

केतकी: नाना, ७२०० म्हणजे पृथ्वीच्या गोळ्यावर दोरा ताणून मोजलेलं अंतर. विमान ठरलेल्या वाटेनेच जातं. चढणं-उतरणं, धावपट्टीची रांग वेगळी. येताना वरचा पश्चिमेचा वारा पाठीशी, म्हणून नऊ. जाताना तोच तोंडावर, दहाच्या आसपास लागतात.

बाबल: वारा कायम पाठीशी असलेला घरात समीर एकटाच 😄

सुलभावहिनी: कळला टोमणा. कौलांचे पैसे त्याने एप्रिलमध्येच पाठवलेत.

बाबल: मी कौलांचं नाव तरी काढलं का वहिनी? पैसे कौलांवर चढत नाहीत, एवढंच.

सुमनआत्या: पुरे. गणपतीवरच्या माटवीला टांगायला कवंडळं, हरणांची फुलं कोण आणतंय ते बोला.

प्रकाशदादा: विमान आठ तासात येवो नाहीतर नऊ. मुंबईहून इथे पावणेचारशे किलोमीटर, तेही चतुर्थीच्या आदल्या दिवशी. कोकणकन्येचं तिकीट ६० दिवस आधीच काढ म्हणालो होतो. ऐकतो कोण.

सुलभावहिनी: त्याची रजा तेव्हा मंजूर नव्हती. सगळं ग्रुपवर सांगायचं का?

नानाकाका: ७२०० भागिले ९०० = ८ 🙏

—

समीर: उतरलो. १०.४०.

नानाकाका: म्हणजे ८ तास ४०. आठच्याच घरात.

केतकी: नाना 🙏🙏

समीर: गाडीत बसलो. १२.१५.

समीर: माणगाव. मुंगीच्या पावलांनी. ५.३०.

सुमनआत्या: चहा घे कुठेतरी. मोदकांचं सारण करून ठेवलंय.

सुमनआत्या: समीर? साडेआठ झाले. कुठे पोचलास?

समीर: माणगाव.

सुमनआत्या: मघाशीही माणगावच होतं ना?

समीर: तेव्हा स्टँडच्या अलीकडे होतो आत्या. आता पलीकडे.

प्रकाशदादा: मी काही बोलत नाही.

सुलभावहिनी: भटजींना नऊची वेळ मागता येईल का?

सुमनआत्या: विचारलं गं. नाही म्हणाले. बाबल, तुझं सोवळं धुऊन ठेव हो, असू दे आपलं.

बाबल: परवाच धुतलंय आत्या. या पावसात वाळायला दोन दिवस लागतात.