परवा म्हणजे कुठला परवा? (गैरसमज कसे मिटले ते लिहा)

आज लेकीने फोनवर विचारलं, "परवा म्हणजे गेलेला की येणारा?" आणि जुनं सगळं आठवलं. मैत्रिणीचा मेसेज आला होता, "परवा आईचं ऑपरेशन." एवढाच. मला वाटलं, झालंसुद्धा. मी लिहिलं, "काळजी घे त्यांची." ऑपरेशन व्हायचं होतं! ती बाहेरच्या बाकड्यावर दिवसभर एकटी बसून होती. सात महिने अबोला. शेवटी मीच फोन केला, "माझं काही चुकलं का गं?" तेव्हा उलगडा झाला. तुमचेही अनुभव लिहा.

मोगरा: अगं बाई! मी आता वारच लिहिते. आता बोलता ना दोघी?

रानवाट: आमच्याकडे 'आम्ही'. वहिनींना म्हटलं, "आम्ही उद्या निघतोय." त्यांचा चेहराच उतरला, हातातल्या चादरीची घडी अर्धीच राहिली. त्यांना तर न्यायचंच होतं! लगेच म्हटलं, "आपण, वहिनी, आपण सगळे!"

पिंपळपान: भाषेच्या अभ्यासात याला 'दुरुस्ती'च म्हणतात. शेग्लॉफ, जेफरसन आणि सॅक्स या संशोधकांचा १९७७ चा लेख आहे. बोलणाऱ्याने स्वतःच सावरून घ्यावं याकडे माणसांचा कल असतो, रानवाट यांनी केलं तसं. २०१५ मध्ये १२ भाषांतल्या रोजच्या गप्पा तपासल्या, तर सरासरी दर १.४ मिनिटांनी कुणीतरी "हं?", "कोण?", "म्हणजे अमुक का?" असं विचारत होतं. मेसेजमध्ये नेमकं ते "हं?" राहून जातं.

सायली७: बाबांना कमी ऐकू येतं. दोनदा "काय?" विचारून झालं की नुसतं "हो हो" म्हणतात. मी तेच वाक्य ओरडून सांगायचे, ते कोमेजायचे. आता समोर बसून शब्द बदलून सांगते. "गोळी घेतली?" नाही कळलं तर "सकाळचं औषध झालं?"

मोगरा: सायली, मशीन घेतलं का त्यांना?

सायली७: घेतलंय, पण शिट्टी वाजते म्हणून काढून ठेवतात.

रानवाट: मशीनचा कानात बसणारा साचा सैल झाला असेल, नाहीतर कानात मळ. दाखवून घ्या, सासऱ्यांचं तसंच होतं.

सायली७: उद्याच नेते. थांबा, हाक मारतायत.

धागाकर्ती: मोगरा, हो गं, बोलतो. तिच्या आईच मध्ये फोन घेतात आणि विचारतात, "येणार कधी? तारीख सांग."